फासा नेमका कुणी टाकायचा? 'सेव्हिंग थ्रो'ची पन्नास वर्षं आणि नवे नियम

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा अगदी पहिला एपिसोड आठवा. १९८३ चा नोव्हेंबर, तळघरात चार मुलं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतायत आणि समोर डेमोगॉर्गन उभा राहतो. विलपुढे दोन रस्ते आहेत. फायरबॉल फेकायचा, नाहीतर स्वतःला वाचवणारा मंत्र म्हणायचा. फायरबॉलसाठी तेरा किंवा जास्त पडायला हवेत. विल फासा टाकतो, फासा टेबलावरून उडून खाली जातो आणि सात पडलेले असतात.

सीन भारीच आहे, पण फासा चुकीच्या हातात आहे. १९८३ च्या नियमांत फायरबॉल लागला की नाही हे बघायला टाकणाऱ्याने फासा टाकायची गरजच नव्हती. फायरबॉल फुटायचाच. फासा टाकला जायचा तो डेमोगॉर्गनच्या बाजूने, त्यातून तो किती वाचला हे बघायला. विलने जो नियम वापरला तो अधिकृतपणे आला २००८ मध्ये, म्हणजे त्या रात्रीनंतर पंचवीस वर्षांनी, आणि २०१४ मध्ये गेलासुद्धा.

मालिका २०२५ च्या शेवटी संपली, पण तिने आणि 'बाल्डर्स गेट ३'ने आपल्याकडच्याही बऱ्याच जणांना या खेळाची ओळख करून दिली. त्याच काळात टेबलावरच्या रोलप्लेइंग गेम्सचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सप्टेंबर २०२४ मध्ये डी अँड डीचं सुधारित प्लेअर्स हँडबुक आलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. मे २०२५ मध्ये डॅगरहार्ट आला आणि त्याच वर्षी ड्रॉ स्टील. या सगळ्यांनी एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिलीत: तुमच्यावर हल्ला झाला तर वाचण्याचा फासा कुणी टाकायचा? तुम्ही, समोरच्याने, की कुणीच नाही?

वरवर हा गणिताचा किरकोळ तपशील वाटतो. पण माझ्या मते या खेळात तुमच्या पात्राची किंमत किती, हे ठरतं ते इथेच.

आधी शब्द समजून घेऊ

खेळ चालवणारा असतो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. इन्स्टावरचा डीएम वेगळा. बाकीचे खेळाडू एकेक पात्र चालवतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचा बोनस मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा, एवढाच मूळ नियम.

बचावाच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिली म्हणजे आर्मर क्लास. तुमच्या चिलखताचा आणि चपळाईचा मिळून एक ठरलेला आकडा असतो, समजा १५. हल्ला करणारा फासा टाकतो आणि १५ गाठले की तुम्हाला लागतं. तुम्ही काहीच करत नाही, तुमचा आकडा तिथे भिंतीसारखा उभा असतो. दुसरी पद्धत सेव्हिंग थ्रो. इथे हल्ला आपोआप येतो आणि त्यातून वाचायला फासा तुम्ही टाकता. 'सेव्ह' म्हणजे इथे फाईल सेव्ह करणं नव्हे, जीव वाचवणं.

मला ही सरळ सर्व्हर आणि क्लायंटची गोष्ट वाटते. आर्मर क्लासमध्ये तुमचा आकडा डीएमकडे आधीच असतो, तो परस्पर निकाल लावून मोकळा होतो. सेव्हिंग थ्रोमध्ये दरवेळी तुमच्याकडे विचारणा येते: फासा टाक, बोनस मिळव, सांग किती झाले. एक फायरबॉल चार खेळाडूंवर पडला की चार विचारणा आणि चार उत्तरं. त्यातला एक जण नेमका फोनवर रील बघत असतो, म्हणजे टाइमआउट.

हा प्रकार आला कुठून

डी अँड डी १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याआधी ही मंडळी छोट्या शिशाच्या सैनिकांचे युद्धखेळ खेळायची आणि बचावाचा फासा टाकायची कल्पना तिथली. पहिल्या डी अँड डीत सेव्हचे पाच प्रकार होते: मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, दगड होणं, ड्रॅगनचा श्वास, आणि काठ्या व मंत्र. यादी विचित्र आहे हे खरंच. यात तुमची ताकद, चपळाई, अक्कल यांचा उल्लेख कुठेच नाही. काय अंगावर आलंय यावरून प्रकार ठरायचा, तुम्ही कोण आहात यावरून नाही.

पण या यादीत एक गोष्ट होती जी पुढे हरवली. वाचायला किती पडायला हवेत हा आकडा तुमच्या लेव्हलवरून ठरायचा. समोर नवशिका जादूगार आहे की हजार वर्षांचा, याने फरक पडायचा नाही. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमधला योद्धा घ्या. पहिल्या लेव्हलला मंत्रापासून वाचायला त्याला १७ लागायचे, म्हणजे वीसपैकी चार बाजू, २० टक्के. सतराव्या लेव्हलला तोच आकडा ६. म्हणजे ७५ टक्के. इतकी वर्षं ड्रॅगनांशी मारामाऱ्या करून जिवंत राहिलेला माणूस आता सहजासहजी मरत नाही, हे नियमातच लिहिलेलं होतं.

साखळीने खडकाला बांधलेला योद्धा ड्रॅगनच्या आगीतून कसा वाचेल, ही शंका लोकांनी तेव्हाही काढली होती. गायगॅक्सने त्याच पुस्तकात त्यावर उत्तर दिलंय. खडकात एखादी फट सापडली असेल, नेमक्या क्षणी साखळी तुटली असेल. मतलब हा की आधी फासा पडू दे, वाचला तर कसा वाचला ते आपण मग सांगू. मला हे उत्तर अजूनही आवडतं.

अर्थात त्या काळाचं फार गुणगान नको. विषाचा सेव्ह हुकला की पात्र मेलं, विषय संपला. तीन महिने खेळवलेलं पात्र एका कोळ्याच्या चाव्याने गेलं की माणूस घरी जाताना गप्प असायचा.

२००० नंतर काय बदललं

विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ मध्ये मूळ कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आणली. पाच विचित्र प्रकारांच्या जागी तीन स्वच्छ प्रकार आले: फॉर्टिट्यूड म्हणजे शरीराची सहनशक्ती, रिफ्लेक्स म्हणजे चपळाई, विल म्हणजे मनाची ताकद. कुठल्याही प्रोग्रामरला हे बघून बरं वाटेल. कोड साफ झाला.

पण कोड साफ करताना एक व्हेरिएबल गुपचूप हलवला गेला. वाचायचा आकडा आता तुमच्या लेव्हलवरून ठरत नव्हता, हल्ला करणाऱ्याच्या ताकदीवरून ठरत होता. तुम्ही वाढलात तर समोरचाही वाढतो. त्यामुळे ज्या सेव्हमध्ये तुमचं पात्र कच्चं आहे, त्यात तुम्ही लेव्हलमागून लेव्हल मागे पडत जाता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत याचं टोक दिसतं. इथे सहा गुणांचे सहा सेव्ह झाले आणि गाठायचा आकडा ठरला ८ अधिक हल्लेखोराचा बोनस. आता पुन्हा योद्धा घेऊ. त्याचं विझ्डम साधारण, बोनस शून्य, आणि या सेव्हची त्याला तालीम नाही. पहिल्या लेव्हलला समोरच्या बरोबरीच्या जादूगाराचा आकडा १३. वाचायची शक्यता ४० टक्के. दोघंही सतराव्या लेव्हलला पोचले की जादूगाराचा आकडा होतो १९. योद्ध्याचा बोनस अजून शून्यच. वाचायची शक्यता १० टक्के.

१९७९ मध्ये २० वरून ७५. २०१४ मध्ये ४० वरून १०. योद्धा तोच, अनुभव तितकाच.

आणि ड्रॅगनचं तर विचारूच नका. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या सर्वांत म्हाताऱ्या लाल ड्रॅगनच्या आगीपासून वाचायला २४ लागतात. चपळाईचा बोनस शून्य असलेल्या पात्राला वीस पडले तरी उपयोग नाही, कारण या आवृत्तीत सेव्हला वीस पडणं म्हणजे आपोआप पास असा नियम नाही. बाहेरून मदत नसेल तर फासा टाकणं हा फक्त उपचार.

मधला एक प्रयोग

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने वेगळाच रस्ता धरला होता. फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे तीनही आर्मर क्लाससारखे उभे आकडे केले. फासा नेहमी हल्ला करणाराच टाकणार. तलवार असो की फायरबॉल, एकच पद्धत. विलने तेरा पाहिजेत म्हणून फासा टाकला तो इथला नियम. 'सेव्हिंग थ्रो' हे नाव ठेवलं, पण काम बदललं: अंगाला लागलेली आग, भूल वगैरे संपली का, हे बघायला आपल्या पाळीच्या शेवटी फासा टाकायचा आणि दहा किंवा जास्त पडले की सुटका.

ही आवृत्ती बऱ्याच जणांना आवडली नाही, त्याची कारणं वेगळी होती. पण २०१४ मध्ये तिच्याबरोबर हा नियमही गेला. माझ्या मते या एका बाबतीत बाळासोबत पाणीही टाकून द्यायला नको होतं, इतकं ते पाणी स्वच्छ होतं.

गणितात फरक किती पडतो?

फार कमी, आणि हे एकदा आकड्यांत बघायला हवं.

समजा जादूगाराचा बोनस ७ आहे आणि समोरच्याचा बचावाचा बोनस ३. फासा जादूगाराने टाकायचा असेल तर लक्ष्य १० अधिक ३, म्हणजे १३. त्याला फाशावर ६ किंवा जास्त हवेत. वीसपैकी पंधरा बाजू, ७५ टक्के.

आता फासा समोरच्याच्या हातात द्या. लक्ष्य १० अधिक ७, म्हणजे १७. त्याला १४ किंवा जास्त हवेत, वीसपैकी सात बाजू. तो ३५ टक्के वेळा वाचतो, म्हणजे मंत्र लागतो ६५ टक्के. आकडे तेच, हात बदलला आणि दहा टक्के गायब. कारण साधं आहे: आकडा बरोबर जुळला तर फायदा नेहमी फासा टाकणाऱ्याला मिळतो. दोन्हीकडे तेच ७५ टक्के हवे असतील तर दुसऱ्या पद्धतीत १० ऐवजी १२ पासून सुरुवात करावी लागते.

पाचव्या आवृत्तीने घेतले ८. म्हणजे लक्ष्य १५, आणि मंत्र पूर्ण लागायची शक्यता ५५ टक्के. जादूगारावर अन्याय? नाही, कारण फायरबॉलमध्ये सेव्ह जमला तरी अर्धं नुकसान होतंच. सहा बाजूंच्या आठ फाशांची सरासरी २८. पंचावन्न टक्के वेळा २८ आणि पंचेचाळीस टक्के वेळा १४ धरले तर हिशेब येतो २१.७. आणि पहिल्या पद्धतीत, लागलं तर सगळं नाहीतर काहीच नाही असं धरलं, तर २८ चे ७५ टक्के म्हणजे २१. क्रिटिकल वगैरे बाजूला ठेवलं तर जवळपास सारखंच.

म्हणजे डिझायनरला हवं तर तो कुठलीही पद्धत घेऊन तोच निकाल काढू शकतो. मग भांडण कशाचं? एकतर वेळेचं. दुसरं, आकडा कुणाच्या कुठल्या गुणावरून ठरतो याचं. आणि तिसरं, आपलं दान आपण टाकण्याचं. मोबाईलवर ल्युडो खेळताना समोरच्याला सलग सहा पडले की 'अ‍ॅप चीटिंग करतंय' म्हणणारा एक तरी भाऊ प्रत्येक घरात असतो. लाकडी पटावर तो असं म्हणत नाही, कारण तिथे फासा त्याने स्वतः खुळखुळवलेला असतो. शक्यता दोन्हीकडे एकच, पण हरणं पचतं ते दुसऱ्या ठिकाणी.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये ही चर्चाच उरत नाही. लढाईत नेम मारायचा असो की समोरच्याचा सेव्ह असो, गेम तुम्हाला टक्के दाखवतो, फासा कॉम्प्युटर आतल्या आत टाकतो आणि कुणी टाकला हे कळतही नाही. वर त्यात कार्मिक डाइस नावाची सेटिंग आहे, जी सलग वाईट दानं पडू नयेत म्हणून मध्ये हात घालते. हा गेम खेळून जे पहिल्यांदा टेबलावर येतात त्यांना सेव्ह आणि हल्ला यातला फरक समजायला वेळ लागतो. त्यात त्यांचा दोष नाही.

२०२५ च्या लांडग्याने काय केलं

आता नव्या नियमांकडे येऊ. सगळ्यांत बोलका बदल एका साध्या लांडग्यात आहे.

२०१४ चा लांडगा चावला की तुम्ही स्ट्रेंग्थचा सेव्ह टाकायचात. ११ गाठले नाहीत तर जमिनीवर आडवे. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला लांडगा चावला की माणसाएवढं किंवा त्याहून लहान कुणीही सरळ आडवं. सेव्ह नाही.

कारण उघड आहे. पाच लांडगे आले की आधी पाच हल्ल्यांचे फासे, मग जितके लागले तितके सेव्ह. पाच जणांच्या टेबलावर एक फेरी सहज पंधरा-वीस मिनिटं खाते. नव्या नियमात निम्मी विचारपूस संपली.

पण किंमत बघा. तुमचा आर्मर क्लास १५, लांडग्याचा बोनस ४, म्हणजे तो ५० टक्के वेळा चावणार. लांडगे कळपात हल्ला करतात त्याचा जादा फायदा इथे सोडून देऊ. पूर्वी शून्य बोनसवाला माणूस चावल्यावर निम्म्या वेळा पडायचा, म्हणजे एकूण २५ टक्के. आता ५० टक्के. लांडगा या एका बाबतीत दुप्पट धोकादायक झाला.

याहून मोठी गोष्ट म्हणजे बार्बेरियनची. पहिल्या लेव्हलला त्याचा स्ट्रेंग्थ सेव्ह पाचपर्यंत असू शकतो. जुन्या नियमात चावा बसल्यावर तो फक्त २५ टक्के वेळा पडायचा. मरतुकड्या जादूगाराचा बोनस उणे एक, तो ५५ टक्के. हा फरक म्हणजेच बार्बेरियन असणं. आता चावा बसला की दोघंही सारखेच आडवे. कॅरेक्टर शीटवर 'स्ट्रेंग्थ १६' लिहिलंय, पण लांडगा ते वाचतच नाही. तो फक्त आर्मर क्लास वाचतो.

नवे नियम सगळीकडे सेव्ह काढतायत असंही नाही. त्याच २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये शस्त्रांना 'मास्टरी' मिळाली. त्यातली 'टॉपल' ही काठीला आणि युद्धकुऱ्हाडीला आहे. फटका बसला की शत्रूला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकावा लागतो, हुकला तर तो आडवा. दोन वार करणारा योद्धा म्हणजे डीएमला दर पाळीला दोन जादा फासे. एका हाताने वेळ वाचवला आणि दुसऱ्या हाताने परत खर्च केला, असं झालंय.

आणि आता सर्वांत मजेदार भाग. आपला तो १० टक्क्यांवर आलेला योद्धा आठवतोय ना? त्याला 'इंडॉमिटेबल' नावाची एक क्षमता नवव्या लेव्हलपासून मिळते: हुकलेला सेव्ह पुन्हा टाकायचा. २०१४ मध्ये पुन्हा टाकायचा म्हणजे पुन्हा तेच १० टक्के. २०२४ मध्ये एक ओळ वाढवली. पुन्हा टाकताना योद्ध्याची लेव्हल बोनस म्हणून मिळवायची. सतराव्या लेव्हलला अधिक १७. लक्ष्य १९, म्हणजे फाशावर फक्त २ हवेत. पंच्याण्णव टक्के. लांब विश्रांतीच्या आधी तीनदा.

म्हणजे १९७९ चा तो जुना विचार, की अनुभवी योद्धा मंत्रांना सहज बळी पडत नाही, मागच्या दाराने परत आणलाय. पण मुख्य नियम दुरुस्त केला नाही, पॅच मारला. तोही फक्त योद्ध्यासाठी. आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात आणि तो नेहमी 'पुढच्या रिलीजमध्ये नीट करू' म्हणून टाकला जातो.

मोठ्या राक्षसांकडे असला पॅच २०१४ पासूनच आहे. लेजेंडरी रेझिस्टन्स म्हणजे सेव्ह हुकला तरी 'नाही, जमला' म्हणायची सोय, दिवसातून साधारण तीनदा. तुम्ही तुमचा सर्वांत भारी मंत्र टाकता, ड्रॅगनचा सेव्ह हुकतो, टेबल ओरडतं, आणि डीएम शांतपणे सांगतो की तो वाचला. यात चूक डीएमची नाही. एका फाशावर आख्खी लढाई संपेल अशी रचना केली की अशी ठिगळं लागणारच.

बाकीच्यांनी काय केलं

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीचं उत्तर मला सर्वांत आवडतं. तिथे फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल हे बोनस आहेत आणि त्यातच दहा मिळवले की उभा आकडासुद्धा. फायरबॉल आला तर तुम्ही रिफ्लेक्स टाका. कुणी तुम्हाला पाय घालून पाडायला आलं तर फासा त्याने टाकायचा, तुमच्या रिफ्लेक्सच्या आकड्याविरुद्ध. एकच डेटा, दोन बाजूंनी वाचता येतो. शिवाय निकालाच्या चार पायऱ्या आहेत. फायरबॉलमध्ये दहाच्या फरकाने जिंकलात तर काहीच नुकसान नाही, नुसते जिंकलात तर अर्धं, हरलात तर पूर्ण, दहाच्या फरकाने हरलात तर दुप्पट. बोनस वाढला की फक्त पास-नापास बदलत नाही, किती वाईट नापास हेही बदलतं. दरवेळी दहाचा फरक मोजत बसावं लागतं, हा त्याचा त्रास. नवख्यांना तो नक्की होतो.

डॅगरहार्टमध्ये बचाव दोन तुकड्यांत आहे. तुमचा इव्हेजन हा उभा आकडा, त्यावर डीएम फासा टाकतो. लागलं की चिलखत कामाला येतं: नुकसान कुठल्या मर्यादेच्या वर गेलं त्यावरून एक, दोन की तीन खुणा करायच्या हे ठरतं, आणि चिलखताची एक चौकट खर्च करून त्यातली एक पायरी खाली आणता येते. इथे गंमत अशी की फासा तुमच्या हातात नसला तरी निर्णय तुमच्या हातात आहे. चिलखत आता वापरू की पुढच्या फटक्यासाठी ठेवू? आणि जड चिलखत घातलं की इव्हेजन कमी होतो, म्हणजे जास्त वेळा लागतं पण कमी दुखतं. चिलखत म्हणजे हेच तर असतं.

ड्रॉ स्टीलने हुकणंच काढून टाकलं. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, ११ पर्यंत कमी परिणाम, १२ ते १६ मध्यम, १७ पासून पूर्ण. काहीतरी लागणारच. त्यातून भूल पडणार की नाही हे फाशाने ठरत नाही. तुमचा गुण एका आकड्याहून कमी असेल तर पडली, नसेल तर नाही. फासा येतो तो सुटकेसाठी, दहा बाजूंच्या फाशावर सहा किंवा जास्त, म्हणजे निम्मी शक्यता. झपाट्याने चालतं हे खरं. पण ज्याचा गुण कमी आहे त्याला त्या क्षणी नशीब आजमावायचीही सोय नाही.

रुनक्वेस्टसारखे खेळ १९७८ पासून दोघांनाही फासे टाकायला लावतात: एकाचा वार, दुसऱ्याची ढाल. रंगतदार, पण घड्याळ बघू नका.

मग योग्य काय?

माझं मत सांगतो. टेबलावर सर्वांत वाईट गोष्ट मरण नाही, पाळी जाणं आहे. मेलात तर नवं पात्र बनवायला तरी घेता. भूल पडून किंवा गोठून पाळी गेली की अर्धा तास नुसतं बसायचं, आणि एकदा हातात फोन आला की त्या माणसाला परत खेळात आणणं कठीण. म्हणून ज्या परिणामाने तुमची पाळी जाते, त्याचा फासा तुमच्या हातात हवाच, आणि त्यात तुमच्या लेव्हलला किंमत हवी.

बाकी किरकोळ गोष्टींना, म्हणजे पडणं, ढकललं जाणं, थोडं नुकसान, उभा आकडा पुरेसा आहे. पण तो आकडा एकटा आर्मर क्लास नको. ताकदवान माणसाला पाडायला त्याची ताकद आडवी आली पाहिजे. लांडग्याचा सेव्ह काढला याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या जागी स्ट्रेंग्थचा उभा आकडा ठेवला नाही, ही तक्रार आहे.

चांगली बातमी ही की यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या सुधारित नियमांचा मूळ संच, म्हणजे एसआरडी ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आलाय. श्रेय दिलं की त्यात बदल करा, त्यावर अ‍ॅप लिहा, हवं तर आख्खं मराठीत आणा आणि विका. खेळाचं नाव आणि काही प्रसिद्ध राक्षस तेवढे त्या संचाच्या बाहेर आहेत. पाथफाइंडरचे नियमही आर्काइव्हज ऑफ नेथिस या साइटवर फुकट वाचता येतात. फासे नसतील तर फोनवरचं कुठलंही डाइस अ‍ॅप चालतं.

तोपर्यंत तुमच्या पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर येत्या रविवारी करून बघता येईल असा एक बदल. राक्षसांचे सेव्ह डीएमने टाकायचेच नाहीत. राक्षसाच्या सेव्ह बोनसमध्ये १४ मिळवा, तो झाला त्याचा उभा आकडा. मंत्र टाकणारा खेळाडू त्याविरुद्ध फासा टाकून आपला मंत्रहल्ल्याचा बोनस मिळवेल. मघाचंच उदाहरण: राक्षसाचा बोनस ३, आकडा १७, खेळाडूचा बोनस ७, म्हणजे १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा बाजू, ५५ टक्के. पुस्तकातल्या नियमाने येतात तितकेच. 'टॉपल'लाही हेच चालेल, तिथे शस्त्राचा गुण आणि प्रोफिशियन्सी मिळवा. राक्षसाला सेव्हमध्ये अ‍ॅडव्हान्टेज असेल तर खेळाडूला डिसअ‍ॅडव्हान्टेज द्या, आणि उलट. फायरबॉल पाच जणांवर पडला तर खेळाडूने पाच वेगळे फासे टाकायचे, नुकसानाचे मात्र एकदाच. वीस पडले म्हणून क्रिटिकल द्यायचा नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.